उरलेला रंग मोरीत कशाला?

गॅदरिंग संपलं की आपल्या होस्टेलच्या जिन्याखाली रंगाचे अर्धेमुर्धे डबे साठतात. आठवड्याभरात कुणीतरी ते मोरीत रिकामे करतो आणि मोरी तुंबली की मावशी हात घालून साफ करतात. फ्लुइड मेकॅनिक्स शिकणाऱ्यांची ही तऱ्हा!

मित्रहो, सगळे रंग सारखे नसतात. डिस्टेंपर, इमल्शन हे पाण्यातले. थोडाच उरला असेल तर वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवून डबा उघडा ठेवा, घट्ट गोळा होतो. ऑइल पेंटचं तसं नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्यात उष्णता सुटते. म्हणून त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटूही शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन झाकून ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. पैसे वाचतात, हे मेसचं बिल भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

स्टोअरमधल्या जुन्या डब्यांना तर हातच लावू नये. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हे बंधन आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासूनचं. त्याआधीच्या डब्यात किती असेल, कोण जाणे.

2016 च्या घनकचरा नियमांनीच रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात घातले. तेव्हा रेक्टर सरांनी एक लोखंडी कपाट द्यावं, उरलेलं पुढच्या गॅदरिंगला आधी वापरावं आणि निरुपयोगी ते कचरागाडीकडे वेगळं सोपवावं. कपाट जिन्याखाली मात्र नको. आग लागली तर खाली उतरायला तोच एक रस्ता आहे.