भावी पोलीस आयुक्तांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!

आमच्या कट्ट्यावर देशाचे सगळे प्रश्न सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत सुटतात, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. या आठवड्यात पाळी पोलीस खात्याची होती. निमित्त आमचे साठे. त्यांच्या गल्लीत एक कार्टं रात्री बुलेटच्या सायलेन्सरचे फटाके फोडत फिरतं. साठे चौकीवर गेले. हवालदारांनी खुर्ची दिली, चहा विचारला, गाडीचा नंबर एका चिटोऱ्यावर उतरवला आणि तो चिटोरा टेबलाच्या काचेखाली सरकवला. काचेखाली आधीच बरेच चिटोरे होते म्हणे. फटाके चालूच आहेत.

तेव्हा साठ्यांनी तोडगा काढला : पोलीस आयुक्त थेट जनतेने निवडून द्यावा. ‘इंग्लंडात देतात!’ त्यांचा जावई रेडिंगला असतो, त्यामुळे इंग्लंडच्या बाबतीत कट्ट्यावर अखेरचा शब्द त्यांचा.

देतात हे खरं. २०११ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये हे पद आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ४१ पोलीस क्षेत्रांत पहिली निवडणूक झाली. निवडून आलेला माणूस गणवेश घालत नाही. तो चीफ कॉन्स्टेबल नेमतो, वेळ पडली तर काढतो, पोलिसांचं बजेट ठरवतो. मतदान झालं जेमतेम १५ टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मत पडलं नाही. पाचातल्या एकालाही आपल्या कमिशनरचं नाव सांगता येत नाही, अशी कबुली खुद्द तिथल्या सरकारनेच दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की मे २०२८ ला ही पदं बंद.

राष्ट्रकुलातले म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीयांनाही या निवडणुकीत मत असतं. साठ्यांनी जावयाला फोन लावला, स्पीकरवर. ‘कमिशनर? कसला कमिशनर?’ जावई म्हणाला. साठ्यांनी स्पीकर बंद केला.

पण आपल्याकडे अशी मरगळ येणार नाही, याची मला खात्री आहे. आपल्याकडे निवडणुकीआधी फ्लेक्स येतो. चौकाचौकात ‘भावी पोलीस आयुक्त’ झळकतील. काळा गॉगल, हातात मोबाइल, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चाळीस चेहरे. त्यातले निदान चार पोलीस ठाण्याच्या फळ्यावरही सापडतील. फ्लेक्स अर्थातच सिग्नलवर लागेल, कारण तिथे लोक थांबतात. थांबावं की जावं, हे मात्र त्यांना दिसणार नाही.

फ्लेक्सवरून आठवलं. आमच्या कोपऱ्यावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय, तो वाढदिवस उलटून गेला तरी हलायला तयार नाही. आता वाऱ्याने एका बाजूने सुटलाय आणि नेत्याचा उजवा हात रिक्षावाल्यांच्या डोक्यावर टपल्या मारतो. महापालिकेला कळवलं, तर ‘जागा कुणाच्या हद्दीत?’ असा उलटा सवाल आला. पोलिसांना सांगितलं, तर ‘हे महापालिकेचं काम’. एका फ्लेक्ससाठी दोन खाती हात झटकतात. त्यात तिसरा लोकनियुक्त साहेब आणला, तर हात झटकायला आणखी एक खातं!

शिवाय शिट्टी हे चिन्ह कुणाला, यावरून पहिली मारामारी. पद युतीत कुणाच्या कोट्यात, यावरून दुसरी. निवडून आला की विजयी मिरवणूक, डीजे. आणि डीजेची तक्रार करायची त्याच्याच माणसांकडे. साठ्यांचं बुलेटवालं कार्टं त्या मिरवणुकीत सर्वांत पुढे असेल.

आणि समजा निवडणूकच लांबली? मुंबई-पुण्याच्या महापालिकांवर मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासक होते, हे आपण विसरलेलो नाही. मग आयुक्तपदीही प्रशासक नेमावा लागेल. तो कोण? आयपीएस अधिकारी. म्हणजे फिरून आपण तिथेच, वर निवडणुकीचा खर्च!

मी कट्ट्यावर विचारलं, आपल्या शहराचे सध्याचे पोलीस आयुक्त कोण? सगळे हास्यक्लबला उशीर झाल्यासारखे उठले. चौकीतल्या हवालदारांचं आडनाव मात्र सगळ्यांना पाठ होतं. आपलं काम अडतं ते तिथे, त्या काचेखाली. आयुक्त मंत्रालयातून आला काय किंवा मतपेटीतून आला काय, काच तीच राहते.

तेव्हा साठे, उमेदवार शोधणं सोडा. उद्या चौकीत जा, तक्रार लेखी द्या, तारीख घाला आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. चहा देतायत तर तोही घ्या.