नवी प्रतिजैविके नेमकी कोणावर तपासायची?

नवे प्रतिजैविक बाजारात आले म्हणजे ते निगरगट्ट जंतूंवर सिद्ध झाले, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते बहुधा जुन्या औषधांनीही बरे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर तपासलेले असते. जुन्यापेक्षा कमी पडत नाही, एवढेच त्यातून ठरते. असे रुग्ण भराभर मिळतात. कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही दाद न देणाऱ्या जंतूने ग्रासलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मिळवणे महाकठीण. प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाच्या मूत्रमार्गाच्या चाचणीत 609 रुग्ण होते, तर ज्या जंतूंसाठी ते बनवले त्यांच्या चाचणीत अवघे 39. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने 2018 मध्ये मूत्रमार्गासाठी परवानगी दिली, रक्तातील संसर्गासाठी नाकारली. पुढल्याच वर्षी ते बनवणाऱ्या अकेओजेनने दिवाळखोरी जाहीर केली.

प्रयोगशाळेत जंतू मेला की पुरे, असे कोणी म्हणेल. सेफिडेरोकोल हे दुसरे नवे प्रतिजैविक तिथे उत्तम ठरले होते. पण कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या संसर्गाच्या चाचणीत ते घेणाऱ्या 101 पैकी 34 रुग्ण दगावले, उपलब्ध सर्वोत्तम उपचार घेणाऱ्या 49 पैकी 9. ही तफावत मुख्यतः अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूच्या रुग्णांत दिसली. खऱ्या रुग्णांवर चाचणी झाली नसती, तर हे कळलेच नसते. याच जंतूवर सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टम हे नवे औषध मात्र कोलिस्टिन या जुन्या औषधासमोर तपासले गेले. 28 दिवसांतील मृत्यू 19 टक्के, कोलिस्टिन गटात 32 टक्के. मूत्रपिंडांचे नुकसानही कमी. एफडीएच्या 2023 च्या मंजुरीला असा भक्कम आधार होता.

अशा जंतूंनी ग्रासलेले रुग्ण भारतातल्या अतिदक्षता विभागांत मोठ्या संख्येने आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अहवालांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे बहुसंख्य नमुने कार्बापेनेमला दाद देत नाहीत. तेव्हा दर औषधासाठी शून्यापासून रुग्णालये जोडत बसण्यापेक्षा मोठ्या सरकारी रुग्णालयांचे कायमस्वरूपी चाचणी-जाळे उभारावे, जलद निदानाची सोय असलेले. रुग्ण दाखल झाल्यावर जंतू ओळखायला दोन-तीन दिवस गेले, तर चाचणीची वेळच टळते.

आपल्या गरिबांना परक्या कंपन्यांचे गिनीपिग का करायचे, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. औषधचाचण्यांतील बेफिकिरीवरून सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खडसावले होते, आणि औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत नुकसानभरपाई व नीतिमत्ता समितीच्या तरतुदी आहेत. त्या काटेकोर पाळाव्यात. बेशुद्ध रुग्णाच्या नातलगांची संमती केवळ सहीपुरती नको. पण चाचणी टाळली म्हणून रुग्ण सुरक्षित होत नाही. त्याला अपुऱ्या पुराव्याचे औषध अंदाजाने टोचले जाते, आणि त्याची नोंदही राहत नाही. हा प्रयोगच, फक्त बिनहिशेबी. सरकारने जाळे उभारताना कंपन्यांना एक अट घालावी: इथे तपासलेले औषध इथल्या सरकारी रुग्णालयांना परवडणाऱ्या दरात मिळाले पाहिजे.