पत्र्याचा डबा

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात गर्दीत उभा होतो. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शाही दसरा असतो. सूर्य मावळताना शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. पण त्याच्याही आधी लोक वाट बघत असतात ती छत्रपतींच्या मेबॅकची. राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकात जर्मनीहून आलेली ही गाडी. ती चौकात वळली आणि हजारभर मोबाईल वर गेले. माझाही गेला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो ती गाडी बघताना.

शेजारी एक पन्नाशीतले गृहस्थ होते. मोबाईल खिशात ठेवत मला म्हणाले, "बघा दादा, ह्येला म्हंत्यात गाडी! न्हाईतर आत्ताच्या. पत्र्याचा डबा नुसता. बोटानं दाबलं तर चेमटतंय."

मी मान डोलावली. सणाचा दिवस, अनोळखी माणूस, वाद कशाला घालायचा? पण घरी येईपर्यंत त्या मान डोलावण्याची मला लाज वाटत राहिली. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

*

१९८७ साली माझे धाकटे काका गगनबावड्याच्या रस्त्यावर गेले. कळ्याच्या पुढे. ऊस भरलेली ट्रॉली बिनदिव्याची उभी होती, ती चुकवायला गेले आणि वडाला धडकले. गाडी कुठली होती ते सांगत नाही, त्याचा इथे संबंध नाही. त्या काळातली कुठलीही चाललीच असती. जाड पत्रा, भक्कम चेसी, पुढे लोखंडी बंपर. गाडीत पट्टे नव्हतेच. असते तरी कुणी लावले नसते.

बघायला गेलेले सगळे लोक एकच वाक्य बोलत होते. "गाडीला कायसुदिक झालं न्हाई बघा." खरंच काही झालं नव्हतं. बंपर वाकला, एक दिवा फुटला, बॉनेटला पोचा आला. काकांच्या छातीत मात्र स्टिअरिंग घुसलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. गाडी पंधरा दिवसांत डेंटिंग-पेंटिंग होऊन दारात उभी राहिली. काकूंनी ती विकेपर्यंत तिच्याकडे तोंड करून पाहिलं नाही.

मी तेव्हा बारावीत होतो. धक्का कुठे जातो, हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. तो नंतर कळला. साठच्या वेगाने जाणारी गाडी झाडाला आपटून थांबते तेव्हा तो वेग कुठेतरी जिरायलाच लागतो. पत्रा चेमटला तर पत्र्यात जिरतो. पत्रा चेमटला नाही तर आतल्या माणसात जिरतो. तिसरा पर्याय नाही.

ज्याला आपण 'पत्र्याचा डबा' म्हणून हिणवतो ते चेमटणं हा निष्काळजीपणा नसतो, ते मुद्दाम केलेलं असतं. मर्सिडीजमध्ये बेला बारेनी नावाचा इंजिनिअर होता. गाडीचा पुढचा-मागचा भाग मऊ ठेवायचा आणि माणूस बसतो तो मधला भाग कडक ठेवायचा, ही कल्पना त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिनने तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आणला. म्हणजे काका गेले तेव्हा हे ज्ञान पंचवीस-तीस वर्षं जुनं होतं. फक्त आमच्या रस्त्यावर पोचलं नव्हतं.

ज्यांना अजूनही 'जुनं लोखंड' वाटतं त्यांनी एक फिल्म जरूर बघावी. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने २००९ साली आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एक प्रयोग केला. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर, ताशी ६४ किलोमीटरने, अर्ध्या अंगावर धडकवल्या. बेल एअर म्हणजे काय देखणी गाडी! क्रोम, पंख, लांबरुंद बॉनेट. धडकेनंतर तिचा चालकाचा कप्पाच कोसळला. आतला पुतळा माणूस असता तर जागीच गेला असता. मालिबूतला फार तर लंगडत बाहेर आला असता. मी ती फिल्म एकदाच पाहिली, पुन्हा पाहणार नाही.

*

तुम्ही म्हणाल, सुरक्षिततेचं सोडा हो, जुन्या गाडीत जी शान होती ती आता कुठे? ठीक आहे, शानीचंही बोलू.

ही मेबॅकच घ्या. मेबॅक ही मुळात झेपेलिन, म्हणजे ते प्रचंड हवाई फुगे, त्यांची इंजिनं करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांबाबत बंधनं आली म्हणून ती मोटारींकडे वळली. १९२१ पासून दुसरं महायुद्ध पेटेपर्यंतच्या वीसेक वर्षांत तिने साधारण अठराशे गाड्या केल्या. साऱ्या जगासाठी अठराशे! एखाद्या संस्थानिकाने मागवावी अशीच ती वस्तू. आणि आपण तुलना कशाशी करतो? तर आपल्या पाच वर्षांच्या हप्त्यावरच्या गाडीशी. राजाच्या पंगतीतलं ताट आणि आपला रोजचा डबा यांची तुलना करून 'पूर्वी जेवण चांगलं होतं' म्हणण्यातला हा प्रकार. मेबॅक रस्त्यावर होती तेव्हा आपले आजोबा-पणजोबा पायी किंवा बैलगाडीत होते.

मधल्या काळाचं म्हणाल तर आपल्याकडे शान कमी आणि नाइलाज जास्त होता. अँबेसिडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, ती १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी म्हणजे फियाट ११००, तीही नाव बदलत बदलत २००० च्या आसपासपर्यंत चालली. लोक गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. मुलगी बघायला सुरुवात करताना नोंदवलेली गाडी तिच्या पहिल्या बाळंतपणाला आली, असे विनोद आमच्या घरात चालायचे. दुसरं काही मिळतच नसेल तर त्याला आवड म्हणायचं की सोशिकपणा? १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत निष्ठावंतांनी किती पटापट पार्टी बदलली ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

सरकारनेसुद्धा २०२१ च्या नियमांत हे स्पष्टच केलंय. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभालीसाठी ने-आण, एवढंच. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. जपा, पुसा, दसऱ्याला बाहेर काढा. पोराबाळांना शाळेत सोडायला मात्र पत्र्याचा डबाच घ्या.

*

इथवर वाचून नव्या गाडीवाले खूश झाले असतील, तर त्यांनी जरा थांबावं.

जुन्या गाड्यांची ओढ निव्वळ खोटी असती तर ती इतकी टिकली नसती. लोक बोट ठेवतात पत्र्यावर, पण त्यांचं हरवलंय ते वेगळंच आहे. मला ते उद्यमनगरात सापडतं.

आमच्या शिवाजी उद्यमनगरात मी लहानपणापासून जातोय. एका काळी ऑइल इंजिनं तिथे गल्लीगल्लीत तयार व्हायची. लेथ, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं एका हाकेवर. हे गाव असंच आहे. बाबूराव पेंटरांना विलायती कॅमेरा परवडेना तर त्यांनी इथेच स्वतः कॅमेरा तयार केला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. एखादी वस्तू उघडायची, समजून घ्यायची आणि नसेल तर करायची, ही कोल्हापूरची खरी खोड.

आमचे मिस्त्री त्याच परंपरेतले. वडिलांची गाडी ऊन-पाऊस काही झालं तरी त्यांच्याकडेच जायची. बॉनेट उघडायचं, डेल्कोचं झाकण काढायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचा, कार्ब्युरेटर फुंकायचा, आणि कान लावून म्हणायचे, "हाण आता स्टार्टर." एखादा पार्ट मुंबई-पुण्याला नाही मिळाला तर दोन गल्ल्या सोडून करून आणायचे. वडील शेजारी स्टुलावर बसून बघायचे. बघता बघता त्यांनाही गाडी कळायला लागली. गाडी वाईट होती हो, दर महिन्याला बंद पडायची! पण ती आमची होती, कारण ती आम्हाला उघडता येत होती.

आता माझी नवी गाडी. नाव घेत नाही. सहा एअरबॅग, पाच तारे, कसलीही तक्रार नाही. तीन वर्षांनी एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. शोरूममध्ये गाडी तीन दिवस पडली. मग सांगितलं, एक युनिट बदलावं लागेल, अठ्ठावीस हजार. नक्की काय बिघडलंय विचारलं तर "सर, सिस्टीम तसं दाखवतीये." उघडून दाखवा म्हटलं तर "सर, ते उघडत नाहीत." मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांचा मुलगा आता गॅरेज बघतो, त्याच्याकडे बाजारातला स्कॅनर आहे. त्याने बिघाडाचा नंबर काढला, वायरिंगमधला सडलेला जोड शोधून दुरुस्त केला. दोनशे रुपये. पण दिवा जाईना! तो घालवायची परवानगी फक्त कंपनीच्या कॉम्प्युटरला. त्या एका दिव्यासाठी मी पुन्हा शोरूमच्या दारात.

मिस्त्री खुर्चीवर बसून बघत होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणाले, "साहेब, ह्याचं इंजिन आपल्या शिरोलीत ओतलेलं असंल. आपलीच पोरं भट्टीवर हाईत. आन् त्येच आपल्याला उघडू देत न्हाईत."

यावर काय बोलणार? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधून देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं. ज्या गावाच्या भट्टीत गाडीचं काळीज ओतलं जातं, त्या गावाच्या मिस्त्रीला ती गाडी परकी.

आणि इथे माझं भांडण आहे. कंपन्या म्हणतात, नवी गाडी गुंतागुंतीची आहे, सुरक्षेसाठी बंद ठेवावी लागते. साफ खोटं! एअरबॅग उघडू नका म्हणालात तर समजू शकतो. पण पट्टा, मऊ बॉनेट आणि कडक कप्पा यांनी माणूस वाचतो, कुलपाने नाही. काकांना वाचवू शकल्या असत्या त्या सगळ्या गोष्टी मिस्त्रीसमोर बॉनेट उघडं ठेवूनही देता येतात. सुरक्षेच्या नावाखाली विकला जातो तो मक्ता आहे.

हे मी एकटा म्हणत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण हेच की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. नुसती बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या निकालात आहे. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पोर्टल चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि माझा पिवळा दिवा पोर्टलवरून जात नाही.

दसऱ्याला मेबॅक बघून हळहळणारी ती सगळी गर्दी या मागणीसाठी उभी राहिली असती तर? पण आपण हळहळ चुकीच्या जागी खर्च करतो. 'लोखंड गेलं' म्हणून उसासे टाकतो आणि पाना हातातून काढून घेतला तेव्हा गप्प बसतो. कंपन्यांना हे फार सोयीचं आहे. आठवणी काढणाऱ्या गिऱ्हाइकाला गोल दिव्यांची, जुन्या वळणाची नवी गाडी विकता येते. डायग्नोस्टिक कोड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विकणार?

म्हणून एक विनंती. यंदा गाडी घ्यायला जाल तेव्हा मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन सगळं विचारा, पण दोन प्रश्न आणखी विचारा. धडक-चाचणीत तारे किती? आणि आमच्या मिस्त्रीने दुरुस्त केलं तर वॉरंटी राहते का, ते लेखी द्याल का? पहिल्या प्रश्नाला हल्ली सेल्समन हसून उत्तर देतो. दहा वर्षांपूर्वी देत नव्हता. २०१४ साली आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांना परदेशी चाचणीत शून्य तारे मिळाले, लोकांनी विचारायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे आणले. विचारल्याने फरक पडतो, हे त्यातून दिसलंच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तो अजून मॅनेजरला बोलावतो.

येऊ दे मॅनेजरला. आपल्याला कसली घाई आहे?

पुढच्या दसऱ्याला ते गृहस्थ भेटले तर त्यांना मी काकांची गोष्ट सांगणार आहे, आणि मग मिस्त्रींच्या गॅरेजवर चहाला नेणार आहे. यावेळी नुसती मान डोलावणार नाही.