सावलीतला अंश, उन्हातली माणसे

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तापमानाच्या दोन मोजपट्ट्या एकाच छपराखाली नांदतात. लसींच्या फ्रिजजवळच्या वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद होते ती सेल्सिअसमध्ये. २ ते ८ अंशांची मर्यादा मोडली, तर लस वाया जाण्याची भीती. शेजारच्या खोलीत केसपेपरवर मात्र ताप १०१, १०२ असा फॅरेनहाइटमध्ये लिहिला जातो. पोराला अडतीस ताप आहे, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. एकशे दोन म्हटले, की घरातले सगळे उठून बसतात. या दुहेरी व्यवहारामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला कळीचा प्रश्न आहे तो, हे मोजमाप आजवर कोणासाठी झाले आणि पुढे कोणासाठी व्हायला हवे, हा.

डॅनियल फॅरेनहाइट हा उपकरणे बनवणारा कारागीर. पाऱ्याच्या भरवशाच्या तापमापकाबरोबर त्याने १७२४ मध्ये आपली मोजपट्टी जाहीर केली. बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचा गारठा त्याने शून्य धरला. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये पाणी गोठण्या-उकळण्याच्या दरम्यान शंभर भाग पाडले, पण उलटे: उकळणे शून्यावर, गोठणे शंभरावर. १७४४ मध्ये तो वारला आणि लवकरच ती मोजपट्टी सुलटी झाली.

आपल्याकडे फॅरेनहाइट इंग्रजांबरोबर आला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, भारतीय हवामान खाते १८७५ चे. पुढे १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय पुण्याला आले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देशाने दशमान पद्धत स्वीकारली. शेर-मण गेले, मैल गेले, हवामानाच्या बातमीतला फॅरेनहाइटही गेला. तापाचा मात्र राहिला. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर वुंडरलिश याने असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस ठरवले. आपल्या दवाखान्यांत आणि घराघरांत ते ९८.६ म्हणून रुजले. सवयीपुढे कायदा थांबला, आणि त्यात फारसे बिघडले नाही.

बिघडले ते दुसरीकडे. हवेचे तापमान मोजण्याचा जगभरचा रिवाज म्हणजे झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तिची रचना केली. तिच्या आत पोचतो तो वारा, ऊन नाही. शास्त्राला ते आवश्यकच आहे, नाहीतर एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणाशी ताडता येणार नाही. पण याचा अर्थ असा, की बातमीतले चाळीस अंश हे सावलीतले चाळीस अंश असतात. पालघर जिल्ह्याचे तापमान म्हणून बहुधा डहाणूचा आकडा छापून येतो, तोही समुद्रकाठचा. घाटमाथ्याकडच्या मोखाड्याच्या उघड्या माळाला तो कसा लागू पडावा?

मुकणे राजांचे जव्हार थंड हवेचे गाव म्हणून ओळखले गेले, ठाण्याचे महाबळेश्वर म्हणून मिरवले. ती थंडी पाहुण्यांसाठी होती. इथला आदिवासी शेतकरी भात-नागली-वरई काढून दिवाळीनंतर जगायला बाहेर पडतो. भिवंडी, वाडा, वसईच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड टाकतो, पावसाच्या तोंडावर परततो. मागे राहिलेल्या बाया एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन डोंगर उतरतात-चढतात. शरीराचे ३७ अंश सांभाळायला अंगातली उष्णता बाहेर जावी लागते. हवाच त्याहून तापली, की घामावाचून दुसरी वाट उरत नाही, आणि घामाला पाणी लागते. वर उन्हाचा मारा, शेजारी भट्टीची धग, पाणी बेताचे. या माणसांचा अंश कुठल्याच वहीत नाही.

अंगाचे तापमान घसरणे हाही इथे जिवाशी खेळ असतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. अतितीव्र कुपोषित मुलाच्या अंगात ऊब धरून ठेवायला ना चरबी असते ना शक्ती. काखेतले तापमान ३५ अंशांखाली, म्हणजे ९५ फॅरेनहाइटखाली गेले, तर तो धोक्याचा इशारा. नवजात बाळासाठी रेषा ३६.५ ची, म्हणजे ९७.७ ची. ताप आलेले मूल रडते, कण्हते, आईला कळते. गार पडत चाललेले बाळ मात्र निपचित होते, दूध ओढत नाही आणि शांत झोपले आहे असे वाटते. तिथे आकडाच आधी बोलतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तापमापक आणि वजनकाटा त्यांच्या हाती दिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवता येतात. २०११ पासून आशाताई याच धर्तीवर देशभर घरोघरी जातात. फॅरेनहाइटने मोजपट्टी जाहीर केल्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी त्याचा अंश पाड्यावरच्या झोपडीत उपयोगी पडू लागला.

म्हणून मागणे सरळ आहे. आशाताईच्या थर्मामीटरला सेल कायम असावेत. तिच्या तक्त्यावर धोक्याच्या रेषा दोन्ही मोजपट्ट्यांत एकाखाली एक छापाव्यात, म्हणजे तिने पाड्यावर घेतलेला आकडा आणि रुग्णालयातला आकडा एकच भाषा बोलतील. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची कांगारू पद्धत घरातल्या सासूलाही शिकवावी, कारण पाड्यावर तिचाच शब्द चालतो. ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांच्या नोंदी पीकविम्यासाठी वापरता येतात, तर भट्टीवरच्या मजुराची दुपारची सुट्टी ठरवायलाही वापराव्यात. मोजपट्टी कोणतीही चालेल. जव्हार-मोखाड्यात मोजलेल्या प्रत्येक अंशामागे करायचे काम आधी ठरलेले असले पाहिजे, आणि ते करणारा माणूसही.