धर्माचा रकाना



गेल्या आठवड्यात शेजारच्या एक ताई मुलाचा अर्ज भरून घेण्यासाठी आमच्या घरी आल्या. त्या ख्रिस्ती. त्यांचे आजे-पणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातले, मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून झाली. धर्माचा रकाना आला तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा रिकामाच ठेवला तर? खरं लिहिलं तर पोराचं नुकसान व्हायचं." दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी ही बाई, पण कामावर जाताना गळ्यातला क्रूस पदराखाली झाकते.

ही भीती उगाच नाही. संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म उघडपणे सांगण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. पण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अट घातली की, हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म सांगणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. म्हणजे एका हाताने बोलण्याचा हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने बोलण्याची किंमत वसूल केली.

ही किंमत कशी असते ते मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभारकाम करणाऱ्या माणसाला विचारावे. हा रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा. १९८२ साली सरकारने अशा कारागिरांना फुकट टपऱ्या द्यायचे ठरवले. अनुसूचित जातीच्या हिंदू कारागिरांना टपऱ्या मिळाल्या. सूसाईला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. काम तेच, जात तीच, ऊनही तेच! तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तितकाच राहतो, याचा पुरेसा पुरावा नाही, असे न्यायालय म्हणाले.

आपले काही बांधव म्हणतात, "त्यांच्या धर्मात जात नाही, मग सवलत कशाला?" बंधूंनो, हेच वाक्य आपल्याला ऐकवले गेले होते, ते विसरू नका. नागपूरचे डॉ. डी. पी. मेश्राम १९६२ साली राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी १९५७ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारल्याचे सिद्ध झाले आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली. धर्म मानणे म्हणजे तो जाहीरपणे सांगणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मनातल्या मनात बुद्ध मानला असता तर चालले असते. चारचौघांत सांगितला म्हणून आमदारकी गेली! महाराष्ट्राने १९६० पासून आपल्याला राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा आदेश बदलायला १९९० साल उजाडले. शिखांसाठी तो १९५६ मध्येच बदलला होता. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला.

'आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील' अशीही धास्ती काहींना वाटते. ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण वाटेकरी वाढले तर वाटा वाढवून मागावा. उपाशी शेजाऱ्याला दारातून हाकलणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गावात विटाळ मानणाऱ्याने कधी कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला विचारला आहे काय?

ताईंना मी म्हटले, "खरे तेच लिहू या." खोटे लिहून पदरात काही पडत नाही, हेही त्यांना सांगितले. पुदुच्चेरीची एक बाप्तिस्मा झालेली तरुणी कारकुनाच्या जागेसाठी स्वतःला हिंदू म्हणवून अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, ऐन संविधानदिनी, सर्वोच्च न्यायालयाने तिचे अपील फेटाळले. ती नियमित चर्चला जाते, हेच तिच्या विरोधात गेले.

ताईंनी थोडा विचार केला, मग माझ्या हातातले पेन घेऊन रकान्यात स्वतः लिहिले : ख्रिस्ती.

ज्यांच्या वडिलांनी १९५६ नंतर 'बौद्ध' लिहिताना नुकसान सोसले, त्यांनी तरी या बाईला एकटे पाडू नये.

जयभीम!