नवागताला सतरंजीवर जागा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाचा गजर चालू आहे, आणि ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही त्यांनी आपल्या गावच्या विठ्ठलमंदिराची वाट धरली आहे. अशा पर्वदिनी मंदिरात कोणी ना कोणी प्रथमच येतो. कोणी बदलीवर आलेला असतो, कोणी पोटासाठी गाव सोडून आलेला. त्याचे स्वागत आपण कसे करतो, याचा विचार आज व्हावा.

ज्याच्या येण्याला तिथी नियत नाही तो अतिथी, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. अध्ययन पूर्ण झालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात तैत्तिरीय उपनिषदाने माता, पिता व आचार्य यांच्याच पंक्तीला अतिथीला बसविले आहे. घराच्या उंबरठ्यावर ही आज्ञा आपण पाळतो. आल्यागेल्याला पाणी विचारल्यावाचून राहत नाही. मंदिरात मात्र 'देवाचे घर, तेथे आपण कोण या म्हणणारे?' असे मानून मोकळे होतो.

पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांच्या भक्तीची थोरवी आपण गातो, त्यांना हयातीत त्या दाराच्या आत प्रवेश नव्हता. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी विठ्ठलमंदिर खुले झाले. दार तपश्चर्येने उघडले, कायद्यानेही उघडले. आत आलेल्याला आपलेसे करण्याचे काम मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. ते तुम्हां-आम्हां भाविकांकडेच उरले आहे.

कीर्तनाला उभे राहिले म्हणजे शेवटची रांग स्पष्ट दिसते. नित्याचे श्रोते पुढे, आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. नवखा खांबाआड उभा असतो. टाळी कोठे द्यावी, ध्रुपद केव्हा उचलावे, हे त्याला ठाऊक नसते. कीर्तन संपताच ओळखीचे ओळखीच्यांशी बोलू लागतात. तो चपला शोधून निघून जातो आणि पुढल्या एकादशीला दिसत नाही. कोणी त्याच्याशी बोललेच, तर पहिला प्रश्न असतो, 'आडनाव काय आपले?' या प्रश्नाने काय चाचपले जाते, हे विचारणारा जाणतो आणि ऐकणाराही.

वारीने या प्रश्नाची गरजच ठेवलेली नाही. तेथे भेटेल तो 'माउली', आणि वारकरी परस्परांच्या पाया पडतात. त्यात वय, जात पाहिली जात नाही. हीच रीत गावोगावच्या मंदिरांत यावी. नित्याच्या श्रोत्याने थोडे सरकून सतरंजीवर जागा द्यावी, टाळ हाती द्यावा, ध्रुपद हळूच सांगावे, कपाळी बुक्का लावावा, आणि निघताना 'माउली, पुन्हा यावे' एवढे म्हणावे. यास द्रव्य लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही.

येत्या पौर्णिमेला गोपाळपुरास काला होईल. दही, लाह्या एकत्र कालवल्यावर कोणाच्या शिदोरीतले काय, हे कोणालाही निवडता येत नाही. त्या प्रसादाचा घास घेण्यापूर्वी आपल्या मंदिरातील खांबाआड कोणी उभे आहे का, हे एकदा पाहावे.