लाल मिलोचा दुसरा फेरा



बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, दिवसभर खडी फोडून आल्यावर त्या भाकरीचा घास कसा उतरत होता ते सांगतील. मिलो म्हणजे दुसरे काही नव्हते, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांपुढे टाकतात. तेव्हा आपल्या कणग्या रिकाम्या होत्या, माणसे जगली, त्याबद्दल तक्रार नाही.

आज कणग्या भरलेल्या आहेत आणि मिलो पुन्हा बंदराच्या वाटेवर आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी व्यापाराबद्दल संयुक्त निवेदन काढले. भारत ज्या मालावरचे आयात शुल्क कमी करणार किंवा काढून टाकणार, त्या यादीत सुकामेवा आहे, सोयाबीनचे तेल आहे, दारू आहे. त्यांच्याच ओळीत आपल्या चावडीवर फारशी चर्चा न झालेली दोन नावे आहेत. एक, पशुखाद्यासाठी लाल ज्वारी. दुसरे, डीडीजीएस, म्हणजे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा वाळवून केलेले खाद्य. करार पुढे कोणत्या वळणाने जायचा तो जावो, नावे यादीत चढली ती चढली.

तुम्ही म्हणाल, आम्ही कापूस लावणारी, मालदांडी पेरणारी माणसे. मक्याचे आणि चोथ्याचे पुराण आम्हाला कशाला? सांगतो. कोंबडी ज्वारी खाते की मका, तिला पेंड सोयाबीनची घालायची की चोथ्याची, याचा हिशोब खाद्यकारखानदार रोज सकाळी करतो. जे स्वस्त ते घेतो. त्या हिशोबाच्या मध्यावर मका बसलेला आहे. मका पडला की खरिपाची पावसात काळी पडलेली संकरित ज्वारी पडते, बाजरी पडते, आणि मागोमाग सोयाबीनही लंगडायला लागते. म्हणून ज्याच्या शेतात मक्याचे एक ताट नाही, त्यानेही मक्याचा भाव समजून घ्यायला हवा.

भाव कुठे ठरतो?

जगातल्या मक्याचा भाव शिकागोच्या वायदेबाजारात निघतो. तिथले माप बुशेल. कृषी पदवी घेताना आम्ही मक्याचा तुरा, कणीस, खोडकिडा सगळे पाठ केले. बुशेल म्हणजे किती, हे चार वर्षांत एकदाही कोणी विचारले नाही. मक्याचा एक बुशेल म्हणजे २५.४ किलो. युक्रेनवर फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध लादले गेले, काळ्या समुद्रातली बंदरे बंद पडली, आणि एप्रिलमध्ये शिकागोचा भाव बुशेलला आठ डॉलरच्या वर गेला. त्या वेळच्या डॉलरने क्विंटलला साधारण चोवीसशे रुपये. ऑगस्ट २०२४ मध्ये तोच भाव चार डॉलरच्या खाली आला. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तरी चार डॉलरचा हिशोब क्विंटलला चौदाशेच्या आसपास बसतो. आपल्याकडे २०२५-२६ च्या हंगामाचा मक्याचा हमीभाव २४०० रुपये. मध्ये आहे तो समुद्र, जहाजाचे भाडे आणि पन्नास टक्के आयात शुल्क. यातले शुल्कच काय ते दिल्लीच्या हातात.

अमेरिकेत २०२५ च्या हंगामात बेचाळीस कोटी टनांच्या वर मका पिकला. आपला सगळ्या देशाचा मका चार कोटी टनांच्या थोडा वर. ब्राझीलचा शेतकरी सोयाबीन काढून त्याच रानात दुसरे पीक मक्याचे घेतो, आणि २०२३ मध्ये त्याने निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकले. त्यात चीनने अमेरिकेशी भांडण काढून खरेदीचा हात आखडला. अमेरिकेच्या निर्यातीतली बहुतेक ज्वारी चीनच घेत होता. कॅन्सस आणि टेक्सासमधल्या त्या लाल ज्वारीला २०२५ मध्ये गिऱ्हाईक उरले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी जाहीरपणे विचारले की एकशे चाळीस कोटींचा भारत आमचा एक बुशेल मका का घेत नाही? नव्या गिऱ्हाइकाचा शोध तो हाच.

तिथला शेतकरी आपल्यापेक्षा हुशार आहे म्हणून स्वस्त पिकवतो, असे कोणी सांगितले तर त्याला एवढेच दाखवा. भाव पडल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने बारा अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. एकरी दर ठरले, मक्याला ४४ डॉलर, ज्वारीला ४८ डॉलर, कापसाला ११७ डॉलर. कापसाचे रुपये करा, एकरी दहा हजारांच्या वर, आणि तेही नेहमीच्या विमा-अनुदानाशिवाय वेगळे. तिथे शेतकरी शेकडो एकरांचा असतो. आपल्या परंड्याच्या किंवा भूमच्या तीन एकर कोरडवाहूवाल्याने या माणसाशी स्पर्धा करायची. स्पर्धेला आम्ही घाबरत नाही. पण त्याच्या खजिन्याशी स्पर्धा आम्ही कोणत्या खिशातून करायची?

तंत्रज्ञानाचेही तसेच. तिथे मका हेक्टरी अकरा टनांच्या आसपास, आपल्याकडे साडेतीन. पाऊस, जमीन हा फरक आहेच. पण जनुक बदललेले मक्याचे बियाणे तिथे सर्रास आणि आपल्याला बंदी. ठीक. मग त्याच बियाण्याच्या मक्याचा चोथा आपल्या बंदरात कसा चालतो? हा प्रकार आपण एकदा भोगलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांना टेकले होते. सरकारने जनुकबदल सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि आपला माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या घरात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदेही बंद केले. शेतात चालत नाही ते बंदरात चालते, हे कोणते शास्त्र, हे आमच्या पदवीच्या पुस्तकात नव्हते.

मक्याच्या माहेरी

मका खाणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या देशांकडे पाहा. जपान वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास मका आणतो. कोंबड्या-डुकरांच्या मक्याला त्याने वाट मोकळी ठेवली आहे, पण स्वतःच्या शेतकऱ्याच्या भाताभोवती शुल्काची अशी तटबंदी उभारली की बाहेरचा दाणा सहजी आत येत नाही. आपले काय मोकळे सोडायचे आणि काय राखायचे, हे त्याने ठरवलेले आहे.

मेक्सिको म्हणजे मक्याचे माहेर. मका जगाला तिथून मिळाला. त्यांची टॉर्टिया म्हणजे आपली भाकरीच. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका आणि कॅनडाबरोबर त्यांचा खुल्या व्यापाराचा करार अमलात आला. सांगण्यात आले होते की मक्याला पंधरा वर्षांची सवलत आहे, शुल्क हळूहळू उतरेल. प्रत्यक्षात कोट्याबाहेरचा मकाही बिनशुल्क येऊ दिला गेला, कारण शहरात स्वस्ताई हवी होती. कोरडवाहू डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्यांचे भाव कोसळले आणि माणसे गाव सोडून गेली. बरे, शहराला तरी स्वस्त मिळाले का? अमेरिकेने आपला मका इथेनॉलच्या भट्टीकडे वळवला, भाव चढले, आणि जानेवारी २००७ मध्ये टॉर्टियाच्या महागाईविरुद्ध मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर आले. पिकवणारा आधीच उठून गेलेला होता. पुढे २०२३ मध्ये त्यांनी टॉर्टियासाठी जनुकबदल मका नको असा हुकूम काढला, तर डिसेंबर २०२४ मध्ये कराराच्या लवादाने तो अमेरिकेच्या बाजूने मोडीत काढला. एकदा सही झाली की आपल्या ताटात काय असावे यावरही दुसऱ्याच्या देशातला कज्जा चालतो.

इथेनॉलचा भाव बांधलेला, मक्याचा मोकाट

आपल्याकडचे गौडबंगाल आणखी वेगळे. २०२२-२३ मध्ये भारताने ३४ लाख टनांच्या वर मका निर्यात केला होता. मग डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला. मक्यापासूनचे इथेनॉल एका वर्षात सुमारे ३१ कोटी लिटरवरून २८६ कोटी लिटरवर गेले. मका हमीभावाच्या वर विकू लागला. शेतकऱ्याने मका वाढवला, आणि शहाण्या माणसाने तसेच करावे.

लगेच कोंबडीखाद्यवाल्यांनी ओरड सुरू केली. जून २०२४ मध्ये पन्नास टक्क्यांऐवजी पंधरा टक्के शुल्काने सुमारे पाच लाख टन मका आणण्याचा कोटा निघाला. म्यानमारचा मका तर बिनशुल्क येत होता. निर्यात करणारा देश दोन वर्षांत आयात करू लागला. त्याच्यावर कडी म्हणजे, सरकारला क्विंटलला चार हजारांच्या आसपास पडणारा गोदामातला तांदूळ २०२५ मध्ये भट्ट्यांना २२५० रुपयांनी दिला गेला, तोही ५२ लाख टन. मक्याला मक्याच्याच गिऱ्हाइकाकडे असा सवतीचा पोर आणून बसवला. २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकात भाव सोळाशे ते अठराशे होता, हमीभाव २४००. हावेरीत शेतकरी रस्त्यावर उतरले, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना पंतप्रधानांना पत्र लिहावे लागले.

आता साधा हिशोब करू. एक क्विंटल मक्यातून साधारण अडतीस लिटर इथेनॉल निघते. गुणिले ७१.८६, म्हणजे सत्तावीसशे तीस रुपये. वर चोथा विकून येतात ते निराळे. हा दर मक्याचा हमीभाव समोर ठेवून ठरवला, असे सांगितले जाते. मका चोवीसशेला घ्या की सतराशेला घ्या, तेल कंपन्या इथेनॉलचा दर तोच देतात. मग मधले सातशे रुपये कोणाच्या घरी जातात? कारखानदाराचा भाव कागदावर बांधलेला आणि शेतकऱ्याचा वाऱ्यावर सोडलेला. शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या या योजनेत शेतकऱ्याचे फक्त नाव आहे.

आणि चोथ्याचे पुढचे पाऊल सोयाबीनवर पडते. मक्याच्या चोथ्यात प्रथिने तीस टक्क्यांच्या आत-बाहेर, तांदळाच्या चोथ्यात त्याहून बरीच जास्त, सोयापेंडीत शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस. देशी भट्ट्यांचा चोथा आधीच सोयापेंडीची जागा खातो आहे. त्यात अमेरिकेचा चोथा आला तर ५३२८ रुपयांचा सोयाबीनचा हमीभाव फक्त पत्रकात वाचायचा.

कापसाचे वेगळे सांगायला नको, पण नोंद राहू द्या. अकरा टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले, आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली बोंडे फुटायच्या आधी दार उघडले आणि आपली वेचणी बाजारात ओतून झाल्यावर ते लावायची तारीख धरली. मुहूर्त काढणारा ज्योतिषी कोण, ते शोधायला हवे.

मालदांडीबद्दल खोटी भीती घालणार नाही. मालदांडी माणूस खातो, बार्शीच्या बाजारात तिचा भाव दाण्याच्या रंगावर आणि पेऱ्यावर ठरतो, लाल मिलो तिच्या अंगाला थेट लागणार नाही. कडब्याचा आधार आहे तो वेगळाच. पण संकरित ज्वारीला आणि डागी मालाला खाद्यकारखाना हेच गिऱ्हाईक आहे, आणि लाल ज्वारीचे खाद्यमूल्य मक्याच्या जवळपास बरोबरीचे आहे. पशुखाद्यासाठीच आहे हो, माणसाच्या ज्वारीला धक्का नाही, असे कोणी पुढारी भाषणात सांगेल तेव्हा त्याला हा एवढा दुवा दाखवा.

आमचा आयातीला सरसकट विरोध नाही. दारे लावून घ्या म्हणणारे स्वदेशीवाले, गहू महागला की मे २०२२ सारखी निर्यातबंदी घालायला पहिले टाळ्या वाजवतात. कोंबडी पाळणाराही शेतकरीच आहे, त्याला खाद्य परवडले पाहिजे हेही कबूल. पण भाव चढला की आयात, आणि आपला माल बाहेर जाऊ लागला की बंदी, हा व्यापार नव्हे. हा एकेरी रस्ता आहे आणि त्याची उतरण कायम शेताच्या बाजूला.

म्हणून तालुक्या-तालुक्यात तीन गोष्टी मागायच्या. इथेनॉलचा बांधलेला दर ज्या भट्टीला हवा, तिने मका हमीभावाने घेतल्याची पट्टी दाखवल्याशिवाय तेल कंपनीने बिल काढू नये. ऑक्टोबर ते मार्च या आवकेच्या महिन्यांत मका, लाल ज्वारी, चोथा आणि कापूस यांच्या शुल्काला हात लावू नये. आणि जनुकबदल मालाबद्दल एकच नियम असावा, शेताला आणि बंदराला सारखा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गेल्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या सोबत आणाव्यात, मग ती कळंबची असो, तुळजापूरची, लातूरची की बार्शीची. कापूस, ज्वारी, मका, सोयाबीन, जे विकले असेल त्याची. तारीख, वजन, भाव, कापलेली हमाली-तोलाई स्पष्ट दिसावी. मूळ पट्टी देऊ नका, झेरॉक्स द्या. त्या तारखांशेजारी शुल्काच्या आणि कोट्याच्या तारखा मांडून एक तक्ता करायचा आहे, आणि तो तक्ता घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जायचे आहे.